गणपत सपकाळांची बारा दिवसांची रजा

गणपत सपकाळांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या इमारतीच्या गच्चीवर. साल १९९४, जुलै महिना. सकाळपासून नळाला पाणी नव्हतं. मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले, तर पंपापुढे एक माणूस उकिडवा बसला होता. डोक्याला ओला पंचा, हातात पाना. मी स्वतःशीच म्हणाले, "आता दुपारपर्यंत काही पाणी येत नाही."

त्याने मान न वळवताच उत्तर दिलं, "येईल ताई. अर्ध्या तासात येईल. वॉशर गेलाय."

कुवेतमध्ये गच्चीवर अचानक मराठी ऐकू आलं की काय होतं, हे तिथे राहिलेल्यांनाच कळेल. मी त्यांना पाणी दिलं, खाली आल्यावर चहा दिला, आणि तेव्हापासून ते आमच्या घरचे झाले. मी दस्मानजवळच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, विजय, माझा नवरा, एका कंपनीत हिशेब तपासायचा. आम्ही रुमैथियातल्या तीन मजली इमारतीत राहत होतो. गणपतराव शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये पंपमेकॅनिक होते आणि तिथेच मागच्या खोलीत सहा जणांबरोबर राहायचे.

एक्केचाळिशीचा माणूस, पण पन्नाशीचा दिसायचा. चौऱ्याऐंशी साली कुवेतला आले. नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शिरलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी बगदाद आणि अम्मानमार्गे घरी पोचले. ब्याण्णव साली परत येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. हे सगळं ते दोन वाक्यांत सांगायचे. ज्या गोष्टीला त्यांना वेळ लागायचा ती वेगळीच होती.

त्यांचं गाव वाकणोशी, कोयनेच्या खोऱ्यातलं. ते आठ वर्षांचे असताना धरणात गेलं. गावाच्या वर जननीदेवीचं दगडी देऊळ होतं. मोजणीला आलेल्या साहेबाला त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं, "देवळाचं काय करणार?" साहेब म्हणाला, "दगडाचं काय करायचं असतं? तिकडे गेल्यावर नवीन बांधून घ्या." आई, सीताबाई, देवीचा मुखवटा टोपलीत घेऊन चालत निघाली. कडेवर तीन वर्षांची मुलगी. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात त्यांना जागा मिळाली ती खडकाळ माळाची, आणि गावाच्या नावाआधी 'नवीन' लागलं. ती बहीण पहिल्याच वर्षी तापाने गेली.

"हिवताप?" मी विचारलं. लॅबवालीचा प्रश्न.

"कुणाला ठावं? डाक्टर पाच कोसांवर. त्या वर्षी आमच्या वाडीतली अकरा पोरं गेली."

आमच्या इमारतीचा रखवालदार, म्हणजे तिथल्या भाषेत हारिस, इद्रीस नावाचा इजिप्तचा माणूस होता. काळाभोर, उंच, डोक्याला पांढरा फेटा. जिन्याखालच्या खोलीत एकटा राहायचा. बोलणं कमी. पंपाच्या निमित्ताने गणपतराव आणि तो ओळखू लागले. दोघांचं अरबी आणि हिंदी मिळून एक तिसरीच भाषा व्हायची. एका शुक्रवारी मी खाली उतरले, तर दोघे जिन्याखाली चहाचे छोटे ग्लास घेऊन बसले होते आणि गणपतराव मला पाहून उठलेच.

"ताई, तुम्ही शिकलेल्या हाय, तुम्हीच सांगा. ह्यो म्हणतो, ह्याच्या गावाकडं देऊळ कापून उचललं. आख्खं. डोंगरासकट."

"अबू सिंबेल," इद्रीस म्हणाला.

ते खरं आहे, मी सांगितलं. नाईल नदीवर अस्वानला मोठं धरण झालं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीचं ते देऊळ बुडणार होतं. जगभरातून पैसे आले, इंजिनियर आले. देवळाचे तुकडे करून ते उंचावर नेऊन परत जोडलं.

इद्रीस तेव्हा पंचविशीत होता. तो नूबी, म्हणजे इजिप्तच्या दक्षिण टोकाच्या लोकांतला. धरणामागच्या सरोवरात त्याच्या लोकांची सगळी गावं गेली. लोकांना आगगाडीत आणि बोटीत घालून उत्तरेला कोम ओंबोजवळ नेलं, आणि तो स्वतः मात्र मजुरीला अबू सिंबेलला गेला. त्याने हात पुढे करून दाखवले. "करवत. हाताची. तोंडावरचा दगड मशीनने कापायचा नाही, असा हुकूम होता. एक कण वाया जायला नको. दिवसाला एवढं." त्याने अंगठा आणि तर्जनी यांत थोडंसं अंतर ठेवून दाखवलं.

"आणि तुझी माणसं?" गणपतरावांनी विचारलं.

"माणसांना चार महिने नवीन घरांची छपरंच नव्हती," इद्रीस म्हणाला आणि उठून चहाचे ग्लास विसळायला गेला.

त्या दिवसापासून गणपतरावांना ते देऊळ बघायचं होतं. वेड लागल्यासारखं म्हणणार नाही मी. त्यांना कशाचंच वेड परवडणारं नव्हतं. पण दर शुक्रवारी ते काहीतरी नवीन विचारत. तुकडे किती? हजाराच्या वर. नंबर घातले होते? घातले होते. मूर्तीचं तोंड कापलं तेव्हा तू तिथं होतास? होतो. भीती वाटली? इद्रीस म्हणाला, "मी मुसलमान आहे, ते मूर्तीचं तोंड. तरी त्या दिवशी जेवलो नाही."

दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं. पण दोन वर्षांतून एकदा रजा, ती गावाकडे. एकदा मोठ्या मुलीचं, अक्षदाचं लग्न निघालं, एकदा वडील वारले. अठ्ठ्याण्णवच्या जुलैत सकाळी इमारतीचं मुख्य दार उघडलं नाही म्हणून विजय खाली गेला. इद्रीस खोलीत पडलेला होता. हृदयाचा झटका. पंख्याचं तोंड भिंतीकडे होतं, ते तसं का ते कुणालाच कळलं नाही.

इमारतीच्या मालकीणबाई मुनिरा वयस्कर होत्या, भल्या होत्या. त्यांनी धावपळ केली, पण प्रेत इजिप्तला न्यायला आठवडा लागणार होता. त्याच्या बहिणीशी फोनवर बोलणं झालं. ती म्हणाली, ताटकळत ठेवू नका, तिथेच माती द्या. तसंही ज्या दफनभूमीत आईबाप आहेत ती पाण्याखाली आहे. सुलैबिखातच्या दफनभूमीत त्याला पुरलं. गणपतराव भिंतीबाहेर उभे होते, आत जावं की नाही हे कळेना म्हणून. मुनिराबाईंनी इद्रीसची पिशवी त्यांच्या हातात दिली. दोन झब्बे, एक रेडिओ, अबू सिंबेलच्या कामावर काढलेला फोटो. "तूच पोचव," त्या म्हणाल्या.

ती पिशवी दोन वर्षं शुवैखच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती.

दोन हजार सालच्या नोव्हेंबरात त्यांची रजा निघाली. त्याच सुमाराला गावाहून पत्र आलं होतं. आई थकली आहे, सारखी विचारते गणपत कधी येतो. पत्र त्यांनी मला दाखवलं आणि विचारलं, "ताई, काय करू?"

मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "थकली म्हणजे वयच झालंय. एप्रिलमध्ये जा की. इद्रीसचं काम किती दिवस ठेवणार?"

त्यांनी मालकाकडे त्या रजेतले बारा दिवस आधी मागितले, उरलेले एप्रिलसाठी ठेवून, आणि मुंबईऐवजी कैरोचं तिकीट. मालक हसला. नझीर नावाचा पेशावरचा फोरमन होता, त्याने शब्द टाकला म्हणून जमलं. घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. थकलेली आई वाट बघत असताना हा इजिप्तला देवळं बघायला निघालाय हे कुणाला पटणार? म्हणून त्यांनी फोनवर बायकोला, ताराला, सांगितलं की अब्दलीला, इराकच्या सीमेजवळ, शेतांवर पंप बसवायचं काम आहे, बारा दिवस फोन लागणार नाही. कुणाचा फोन आला तर तेच सांगायचं, असं नझीरलाही बजावून ठेवलं. इद्रीसच्या बहिणीच्या गावातल्या दुकानाचा फोन नंबर मात्र माझ्याकडे लिहून दिला.

पुढचं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, तुकड्यातुकड्याने, कित्येक शुक्रवार.

कैरोहून आगगाडीने दक्षिणेला चौदा तास. कोम ओंबोला उतरून टॅक्सी. इद्रीसची बहीण आमिना सत्तरीची होती. घर सिमेंटचं, सरळ रेषेत बांधलेल्या शंभर घरांतलं एक. गावाचं नाव जुन्या गावाचंच, फक्त नदी तासाभराच्या चालीवर. नदीच्या काठची ही माणसं, त्यांच्या दारात उसाचे मळे आणि धूळ. गणपतरावांनी पिशवी पुढे ठेवली. आमिनाने झब्बे हुंगले, रेडिओ बाजूला ठेवला, फोटोकडे बराच वेळ पाहिलं. रडली नाही. त्यांच्यासाठी भाकरी आणि भेंडीची पातळ भाजी आणली.

तिने त्यांना जाऊ दिलं नाही. म्हणाली, रजा किती दिवस आहे? मग तेवढे दिवस हे तुझं घर. तिच्या पुतण्याकडे जुनी पिकअप होती, तो त्यांना कोम ओंबोचं देऊळ दाखवायला घेऊन गेला. नदीच्या वळणावर उंचावर उभं, छप्पर अर्धं गेलेलं. एकाच देवळात दोन देव, दोन दारं, दोन गाभारे. एक ससाण्याच्या तोंडाचा, एक मगरीच्या. मेलेल्या मगरी मसाले भरून ठेवलेल्या, त्याही पाहिल्या. पण गणपतराव सगळ्यात जास्त वेळ बसले ते आवारातल्या विहिरीवर. नदीचं पाणी किती चढलं ते मोजायची विहीर. आत गोल पायऱ्या उतरत गेलेल्या. "पंपवाल्याचंच काम ते," ते मला म्हणाले. "तवाबी पाणी मोजत होते. किती आलं, कवा आलं. फक्त त्यांचं पाणी परत जायचं, ताई."

घरी आमिनाने त्यांना निघण्याच्या दिवसाबद्दल सांगितलं. बायकांनी आदल्या दिवशी कबरींवर जाऊन पाणी शिंपडलं होतं, कारण पुढे कोण येणार. काहींनी उंबऱ्याची माती पदरात बांधून घेतली. नवीन गावात पहिल्या उन्हाळ्यात लहान मुलं गेली. तिचीही दोन.

गणपतरावांना सगळे अरबी शब्द कळत नव्हते. हाताची दोन बोटं कळली. त्यांनी आपलं एक बोट वर केलं, म्हणाले, "बहीण." आमिनाने मान हलवली.

पाचव्या दिवशी ते अस्वानला गेले आणि तिथे फिलेचं देऊळ पाहिलं. बेटावरचं, होडीतून जायचं. हेही असंच हलवलेलं. पण हलवण्याआधी ते कित्येक वर्षं वर्षातले बरेच महिने पाण्यात उभं असायचं, जुन्या धरणामुळे. इतर प्रवासी खांबांवरची फुलं, देवीची चित्रं बघत होते. गणपतरावांना खांबांवर एका उंचीला ओढलेला काळपट पट्टा दिसला. गाइड काही बोलायच्या आत त्यांनी ओळखलं. पाणी जिथवर चढलेलं होतं तिथली ती रेघ. खालच्या बाजूला चित्रं पुसट, वर स्वच्छ. त्यांनी त्या पट्ट्याला हात लावला, तर पहारेकरी ओरडला.

त्या दिवशी सकाळी रायगड जिल्ह्यात, नवीन वाकणोशीला, सीताबाई वारल्या.

धाकट्या भावाने शुवैखला फोन केला. नझीरने उचलला. ठरल्याप्रमाणे त्याने अब्दलीचं सांगितलं, आणि मग धीर सुटून मला दवाखान्यात फोन केला. "मैडम, उसकी माँ मर गई. मैं झूठ बोला. अब क्या करूँ?"

मी आमिनाच्या गावच्या दुकानात फोन लावला. इंग्रजी कुणाला येईना. दवाखान्यातल्या एका इजिप्शियन नर्सला बोलायला लावलं. पलीकडून उत्तर आलं, तो अस्वानला आहे, उद्या पहाटे अबू सिंबेलला जाणार, उद्या संध्याकाळी इथे येईल. नर्सने माझ्याकडे पाहिलं. "निरोप ठेवू?"

मी म्हटलं, ठेव.

भावाला फोन करून खरं सांगावं असं मला वाटलं होतं. नंबर मिळवता आला असता. विजय म्हणाला, "त्यांची गोष्ट आहे, त्यांना सांगू दे." मला ते सोयीचं वाटलं. त्यांच्या आईला त्याच दिवशी संध्याकाळी अग्नी दिला, धाकट्या मुलाच्या हातून.

दुसऱ्या दिवशी, हे काहीही माहीत नसताना, गणपतराव पोलिसांच्या गाड्यांच्या मागून जाणाऱ्या बसमध्ये होते. वाळवंटातून साडेतीन तास. बसमध्ये जपानी, जर्मन म्हातारी माणसं. हे एकटे, वर्कशॉपच्या निळ्या पँटमध्ये.

त्यांनी मला जे सांगितलं ते असं. बस थांबते तिथून देऊळ दिसत नाही, नुसता डोंगर. डोंगराला वळसा घालून पुढे गेलं की एकदम चार राजे, बसलेले, एकेक आपल्या तीनमजली इमारतीहून मोठा. समोर पाणीच पाणी. दुसऱ्या राजाचं धड तुटून पायाशी पडलेलं. गणपतरावांना वाटलं, आणताना तुटलं. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला विचारलं. तो म्हणाला, नाही, ते फार पूर्वी भूकंपात पडलं. हलवताना त्या पडलेल्या तुकड्यांचीही मापं घेतली आणि इथे आणून जसेच्या तसे पाडून ठेवले.

"पडलेलं, ताई! पडलेलं जसंच्या तसं!" हे सांगताना ते माझ्या स्वयंपाकघरात उभे होते आणि त्यांचा आवाज चढला होता. "आमचं उभं होतं."

त्यांनी सांधे शोधले. मेकॅनिकची नजर, राजांच्या छातीवरून, गालावरून गेलेल्या बारीक रेषा त्यांना सापडल्या. त्यातली एखादी इद्रीसच्या हातची असेल, कुठली ते कळायला मार्ग नव्हता. आत गेले. आठ उभे राजे, भिंतीवर लढाया, अगदी आत अंधारात चार देव बसलेले. बाहेर आल्यावर रखवालदाराने डोंगरातलं एक छोटं दार उघडून दाखवलं. आत डोंगर नव्हताच. काँक्रीटचा प्रचंड घुमट, पोकळ, हवा खेळवायला पंखे आणि नळ. देवळाला आपण डोंगरातच आहोत असं वाटावं म्हणून वरून दगडमाती रचलेली. गणपतरावांनी पंख्याचा आवाज ऐकला आणि सवयीने म्हणाले, याचं बेअरिंग गेलंय. मग तिथेच खाली बसले. रखवालदाराने पाणी आणून दिलं. त्याला वाटलं उन्हाने झालं.

संध्याकाळी ते आमिनाकडे पोचले. निरोप तिच्यापर्यंत आदल्या दिवशीच आला होता. तिने काही सांगितलं नाही. हातपाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. देऊळ कसं होतं विचारलं, आणि ते हातवारे करून सांगत होते ते सगळं ऐकून घेतलं. ताट बाजूला केल्यावर ती त्यांच्यापुढे जमिनीवर बसली, त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "उम्मक." तुझी आई.

त्यांना शब्द कळला. "कधी?"

"काल."

मग शेजारच्या घरांतून बायका आल्या. काळ्या कपड्यांतल्या वीसपंचवीस बायका. भिंतीला टेकून ओळीने बसल्या आणि रडू लागल्या. आमिना मोठ्याने त्यांना विचारून विचारून सांगत होती: नाव काय तुझ्या आईचं? सीता. किती मुलं? चार झाली, दोन राहिली. कुठून आली होती? पाण्यातून. आणि त्या बायका ते नाव घेऊन, त्यांच्या चालीवर, आक्रोश करत होत्या. भावाची पिशवी उघडताना न रडलेली आमिना त्या दिवशी रडली. गणपतराव म्हणाले, "मला रडू आलं न्हाय. मी बघत बसलो. मला वाटलं, ही माणसं कुणासाठी रडतात?"

तिथून मुंबई गाठणं जमण्यासारखं नव्हतं. पैसे नव्हते, तिकीट कुवेतचं होतं. नवव्या दिवशी ते परतले आणि वर्कशॉपमधून घरी फोन केला. भाऊ म्हणाला, "कुठं होतास दादा?" ते म्हणाले, "अब्दलीला." भावाने फोन तारावहिनीकडे दिला. मालकाने दुसरी रजा नाकारली. दहावा, तेरावा त्यांच्याशिवाय झाला. एप्रिलमध्ये जाऊन आले, तेव्हा भाऊ बोलला, पण कामापुरता.

त्यानंतर ते बदलले. शुक्रवारी आले तरी फारसं बोलत नसत. कधीतरी देवळाचं काहीतरी सांगत, आणि मध्येच थांबत. मी दोनतीनदा म्हणाले, घरी खरं सांगून टाका. ते म्हणायचे, "काय सांगू? आई हाका मारत व्हती तवा मी दगड बघत व्हतो?"

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये शेजारी इराकमध्ये युद्ध सुरू झालं. भोंगे वाजायचे, आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. शुवैखचं वर्कशॉप बंद पडलं आणि गणपतराव कायमचे घरी गेले.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात मी आणि विजय रजेवर आलो होतो. अलिबागला जाताना वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. माळावरचं गाव, आता घरोघरी विजेचे पंप. गणपतरावांनी ते दुरुस्त करायचं छोटं दुकान काढलं होतं. त्यांना फार आनंद झाला. ताराबाईंना मी पहिल्यांदाच पाहत होते, सडसडीत, बोलक्या. पोहे झाले, चहा झाला. आम्ही ओट्यावर बसलो होतो. ताराबाई म्हणाल्या, "ह्यांच्या तोंडून तुमचंच नाव असायचं बघा. ताईंनी हे दिलं, ताईंनी ते केलं."

मी हसून म्हणाले, "अहो, उलट त्यांनीच आम्हाला किती दिलं. इजिप्तहून आले तेव्हा माझ्यासाठी खजूर…"

वाक्य पुरं झालं नाही. गणपतरावांचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं.

"इजिप्त?" ताराबाई म्हणाल्या. "ते कुठं आलं?"

विजय खाली बघत होता.

"कवा गेलावता?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"दोन हजार साली. नोव्हेंबरात."

त्यांना हिशेब लागायला वेळ लागला नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाला ठावं व्हतं? त्या वक्ताला?"

"हो," मी म्हणाले.

"सासूबाई तीन दिस गणपत गणपत करत व्हती. मी तिला सांगितलं, लांब कामावर हायेत, मालक सोडत न्हाय. तिच्या कानात सांगितलं. मी." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढची चहाची कपबशी उचलली, कपात अजून चहा होता, आणि आत गेल्या.

आम्ही उठायला लागलो, पण गणपतराव म्हणाले, "बसा ताई. आता बसा." त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून सांगायला सुरुवात केली. इद्रीसपासून. मी इतक्या वेळा तुकड्यातुकड्याने ऐकलेलं सगळं त्यांनी पहिल्यांदा सलग सांगितलं. जिन्याखालची खोली, पिशवी, सिमेंटची घरं, आमिनाची दोन मुलं, खांबावरचा पट्टा, पडलेला राजा, पोकळ डोंगर. आतून भांड्याचा आवाजसुद्धा आला नाही. बायकांचं सांगितलं तेव्हा ताराबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"रडल्या?"

"व्हय."

"नाव घेऊन?"

"सीता म्हणून."

"कोण लागत व्हत्या त्या आमच्या?"

"कुणी न्हाय."

ताराबाईंनी दाराची चौकट धरली. "हितं तिच्यासाठी आम्ही चौघीच व्हतो," त्या म्हणाल्या. "जुनी माणसं सगळी गेलेली. नवीन गावात कोण येतंय?" आणि त्या रडू लागल्या. गणपतराव जागचे हलले नाहीत. त्यांना जवळ जायचा हक्क आहे की नाही हे त्यांनाही ठरवता येत नसावं.

निघताना ताराबाई फाटकापर्यंत आल्या. सवाष्ण बाई पहिल्यांदा घरी आली तर कुंकू लावून पाठवतात. त्यांनी लावलं नाही, आणि मी त्याची वाटही पाहिली नाही.

पुढे काय झालं ते विजयला अधूनमधून फोनवर कळायचं. ताराबाईंनी दिराला सांगून टाकलं. तो एकदाच आला, दारात उभा राहून म्हणाला, "आईपेक्षा दगड जवळचे," आणि गेला. मग त्याच्याकडचं जाणंयेणं तुटलं. ताराबाई कित्येक महिने नवऱ्याशी ताटापुरतं बोलत होत्या. गणपतरावांनी आमिनाच्या गावच्या दुकानाला दोनदा फोन लावला. नंबर लागला नाही.

दोन हजार सातच्या दिवाळीत आमच्या कुवेतच्या घरी फोन वाजला. पलीकडे ताराबाई होत्या. त्या घटनेनंतर पहिल्यांदा.

"त्या बाईचा पत्ता तुमच्याकडं असंल का? आमिना. लुगडं धाडायचं मनात हाय."

मी म्हणाले, शोधते. दवाखान्यातल्या त्याच नर्सला गाठलं. तिने कुणाकुणाला विचारून चार दिवसांनी नवीन नंबर काढला. आमिना वर्षापूर्वी वारली होती.

मी ताराबाईंना फोन केला आणि सांगितलं. मागे पंपाचा आवाज येत होता, दुकानात काम चालू असावं.

"एकटी व्हती का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुतण्याकडे होती. सगळं गाव बसलं होतं म्हणे तिच्यासाठी, तीन दिवस."

"बरं," ताराबाई म्हणाल्या. "ह्यांना मी सांगते." आणि त्यांनी फोन ठेवला.